लेखिका म्हणवून घेण्याचे धैर्य : मराठी स्त्रियांच्या आत्मपर गद्याचा एक विचार

लेखन करणे आणि स्वतःला लेखक मानणे या दोन भिन्न घटना आहेत, याकडे वाङ्मयेतिहासात फारसे लक्ष दिले जात नाही. ग्रंथ प्रसिद्ध झाला की त्याचा कर्ता लेखक ठरतो, ही इतिहासकाराची सोय आहे. प्रत्यक्षात ग्रंथ हातावेगळा झाल्यानंतरही त्याचा कर्ता पुष्कळदा ती पदवी घ्यायला धजत नाही; काही वेळा तर ती त्याच्या हयातीत त्याच्यापर्यंत पोचतच नाही. मराठीत हे अंतर सर्वांत स्पष्ट दिसते ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लिहू लागलेल्या स्त्रियांच्या गद्यात, आणि त्यातही आत्मपर गद्यात. ते कोणत्या मार्गांनी ओलांडले गेले आणि त्या मार्गांची किंमत लेखनाला कशी मोजावी लागली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हा विचार करताना साधनांचा प्रश्न उद्भवतो. स्वतःच्या लेखकपणाविषयी या स्त्रियांनी स्वतंत्रपणे क्वचितच लिहिले. मात्र ग्रंथाच्या ज्या भागांकडे समीक्षक सहसा ओझरते पाहतो ते भाग येथे बोलके ठरतात. ग्रंथाचे शीर्षक, त्यावर घातलेले नाव, प्रारंभीची विज्ञापना, प्रस्तावना कोणाची घेतली ही बाब, आणि निवेदनात वापरलेली सर्वनामे. मजकुराच्या कडेला पडलेल्या या खुणांमध्ये लिहिणारीचा स्वतःविषयीचा अंदाज दडलेला असतो.

स्त्रीवादी समीक्षेत या प्रश्नाची एक प्रसिद्ध मांडणी आहे. सँड्रा गिल्बर्ट आणि सुझन गुबार यांनी 'द मॅडवुमन इन द ॲटिक' (१९७९) या ग्रंथात एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी लेखिकांच्या संदर्भात लेखककर्तृत्वाच्या धास्तीची संकल्पना मांडली. पुरुष कवीला पूर्वसूरींच्या प्रभावाची चिंता वाटते, असे हॅरॉल्ड ब्लूम यांचे प्रतिपादन होते. स्त्रीला पूर्वसूरीच नसल्यामुळे आपण निर्मिती करू शकतो की नाही याचीच धास्ती वाटते, असे या दोघींचे म्हणणे. ही संकल्पना मराठीला जशीच्या तशी लागू करणे घाईचे ठरेल. मराठी स्त्रीला पूर्वसूरी नव्हत्या असे नाही. मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई, सतराव्या शतकातील संत बहिणाबाई अशी परंपरा तिच्यामागे होती, आणि ती केवळ पोथीत नव्हती तर तिच्या कानांवर रोज पडत होती. पण त्या परंपरेने दिलेली मुभा भक्तीची होती, लेखनाची नव्हे. जनाबाईची नाममुद्रा 'नामयाची दासी' अशी येते, सोयराबाईची 'चोखियाची महारी' अशी. नाव आहे, आणि ते ठसठशीत आहे. परंतु ते दुसऱ्या नावाच्या आधाराने उभे आहे. संत बहिणाबाईंनी आत्मनिवेदनपर अभंगांतून स्वतःचे आयुष्य सांगितले, तुकोबांच्या भक्तीपायी पतीकडून झालेली मारहाणही सांगितली. तेथेही बोलण्याचा अधिकार गुरुकृपेतून आलेला आहे. मुद्रणयुगात गद्य लिहायला बसलेल्या स्त्रीला हा अधिकार आयता मिळणारा नव्हता. देवाच्या किंवा गुरूच्या नावाने निबंध लिहिता येत नाही.

ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुषतुलना' (१८८२) या पुस्तकात ही कोंडी आणि ती फोडण्याचा आवेश एकाच वेळी दिसतो. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील खटल्याचे निमित्त होऊन बुलढाण्याच्या या स्त्रीने लिहिलेले हे पुस्तक मराठीतील अत्यंत धारदार गद्यापैकी आहे. पण प्रारंभी आपला हा पहिलाच प्रयत्न आहे, आपण घरात कोंडून ठेवलेली एक बुद्धिहीन अबला आहोत, अशा आशयाची विज्ञापना येते. पुढच्या पानांतील उपहासाचा जोर पाहता ही विज्ञापना कोणी खरी मानणार नाही. तिला निव्वळ संकेत म्हणून बाजूला सारणेही योग्य नाही. विज्ञापनेतली अबला आणि पुस्तकातली फटकळ, तर्ककठोर वक्ती या दोघींमध्ये जे अंतर आहे, तेच त्या काळी लिहिणाऱ्या स्त्रीला प्रत्येक वाक्यागणिक ओलांडावे लागत होते. जोतीराव फुले यांनी 'सत्सार'मध्ये (१८८५) ताराबाईंची बाजू घेतली. तरी यानंतर त्यांच्या नावावर दुसरे पुस्तक नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये हे पुस्तक पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत ते जवळजवळ विस्मृतीत गेले होते. धैर्य होते, वाचक नव्हता. लेखकपणाचा आत्मविश्वास ही केवळ मनाची आंतरिक अवस्था मानली तर ताराबाईंचे मौन अगम्य ठरते. तो वाचकाशी होणाऱ्या देवघेवीतून घडतो असे मानले की ते मौन समजू शकते.

काशीबाई कानिटकर यांचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. लग्नानंतर शिकलेल्या काशीबाईंना घरात साहित्याभिरुची असलेला पती लाभला आणि घराबाहेर हरिभाऊ आपट्यांसारखा समानधर्मी वाचक. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र, 'रंगराव' ही कादंबरी, 'पालखीचा गोंडा' (१९२८) अशी त्यांची वाटचाल दीर्घकाळ चालू राहिली. दोघींच्या प्रतिभेची तुलना करण्याचे येथे कारण नाही. एकीला दुसरे पुस्तक लिहिता आले, दुसरीला आले नाही, एवढे नोंदवले तरी पुरे आहे.

आत्मपर गद्याकडे वळताना प्रथम शीर्षके पाहावीत. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०), पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी' (१९२८), 'स्मृतिचित्रे' (१९३४ पासून), बाया कर्वे यांचे 'माझे पुराण' (१९४४), हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' (१९७०), शांताबाई कांबळे यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा' (१९८६). यांपैकी एकीनेही 'आत्मचरित्र' हा शब्द शीर्षकात घेतलेला नाही. आठवणी, कहाणी, पुराण, चित्तरकथा ही सारी सांगण्याची आणि ऐकण्याची रूपे आहेत. कहाणी व्रताच्या दिवशी सांगायची, पुराण देवळात ऐकायचे. शिवाय 'पुराण लावणे' या वाक्प्रयोगात कंटाळवाण्या लांबणीचा जो अर्थ आहे त्यामुळे 'माझे पुराण' या नावात स्वतःची मिस्कील थट्टाही आहे. ग्रंथ लिहिणे हा पंडितांचा, म्हणजे पुरुषांचा व्यवहार. गोष्ट सांगणे हा बायकांचा जन्मसिद्ध हक्क. लेखिका होण्याचा दावा न करता लिहिता यावे म्हणून या स्त्रियांनी आधीपासून आपल्या मालकीच्या असलेल्या रूपाचे नाव आपल्या लेखनाला दिले. यात विनय असेलही. त्याहून अधिक त्यात व्यवहारचातुर्य आहे.

रमाबाई रानडे यांच्या आठवणींमध्ये हा संकोच सर्वनामांपर्यंत पोचलेला आहे. शीर्षकातील 'आमच्या' हे अनेकवचन दांपत्याचे आहे. न्यायमूर्तींचा मृत्यू १९०१ मध्ये झाला आणि पुस्तक तेथेच थांबते, जणू त्यानंतर सांगण्यासारखे आयुष्य उरलेच नाही. वास्तविक पुस्तक निघाले तेव्हा रमाबाई पुण्यातील सेवासदनाच्या कामात आघाडीवर होत्या. सभेत बोलणाऱ्या, संस्था चालवणाऱ्या स्त्रीला आत्मविश्वासाची उणीव होती असे म्हणता येत नाही. संकोच लेखकपणापुरता होता. पुस्तकाला प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखले यांची आहे. आणि सर्वांत लक्षणीय बाब ही, की पतीचा उल्लेख नावाने करायचा नाही हा रिवाज पाळताना रमाबाई न्यायमूर्तींसाठी 'स्वतः' हा शब्द योजतात. १९३८ मध्ये इंग्रजी भाषांतर झाले तेव्हा भाषांतरकर्तीने हाच शब्द उचलून पुस्तकाला 'हिमसेल्फ' असे नाव दिले. एका स्त्रीच्या आठवणींच्या पुस्तकात 'स्वतः' या शब्दाचा अर्थ तिचा नवरा असा व्हावा, यात त्या काळच्या आत्मपर लेखनाची अडचण जितकी नेमकी पकडली गेली आहे तितकी ती कोणत्याही सिद्धान्तात पकडली जाणार नाही.

तथापि रमाबाईंचे पुस्तक केवळ पतीचे चरित्र झालेले नाही, हेही सांगितले पाहिजे. स्वतःचे शिक्षण, इंग्रजी शिकताना घरातील वडीलधाऱ्या बायकांकडून झालेला जाच, दोन सत्तांच्या मध्ये सापडलेल्या तरुण सुनेची कोंडी हे भाग पुस्तकात सर्वाधिक जिवंत उतरले आहेत. जेथे पतीचे मोठेपण सांगायचे आहे तेथे भाषा आदराने थोडी ताठ होते. जेथे माजघर आहे तेथे ती मोकळी होते. लिहिणारीचा हात कोठे बसला आहे हे गद्याच्या पोतावरूनच कळते.

लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे' याच वाटेने सुरू झाली. नारायण वामन टिळक १९१९ मध्ये वारले. त्यांचे चरित्र सिद्ध करण्यासाठी मुलाला, देवदत्त टिळकांना, आईच्या आठवणी हव्या होत्या. त्या लिहिता लिहिता लक्ष्मीबाईंचे स्वतःचे पुस्तक झाले. म्हणजे येथेही निमित्त पतीचे, मागणी पुत्राची आणि लिहिणारीकडे भूमिका साक्षीदाराची. औपचारिक शिक्षण नाही, अक्षरओळख लग्नानंतरची. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' साठांहून अधिक अध्याय लिहून पुढे नेणारी ही स्त्री आपले काम पतीच्या कामाची पूर्ती म्हणूनच करीत होती. या सर्व परिस्थितीतून रमाबाईंच्या पुस्तकासारखे दुसरे पुस्तक निपजणे स्वाभाविक होते. तसे झाले नाही.

पहिला फरक सर्वनामाचा आणि नामाचा. लक्ष्मीबाई पतीला 'टिळक' म्हणतात. आडनावाने केलेल्या या उल्लेखात आदर आहे, पण अंतरही आहे. आणि ते अंतर घेतल्यामुळेच टिळक हे त्यांच्या पुस्तकातील एक पात्र होऊ शकले. न सांगता घरातून निघून जाणारे, हातातला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळे होणारे, क्षणात संतापणारे आणि क्षणात विरघळणारे टिळक मराठी गद्यातील अविस्मरणीय पात्रांत मोडतात. चरित्राची साधनसामग्री पुरवणाऱ्या साक्षीदाराला पात्र रंगवण्याची गरज नसते. ते रंगवणारी स्त्री साक्षीदाराची भूमिका केव्हाच सोडून गेलेली असते.

दुसरा फरक रचनेचा आहे. 'स्मृतिचित्रे' टिळकांपासून सुरू होत नाहीत. त्या लक्ष्मीबाईंच्या माहेरापासून, वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्यापासून सुरू होतात. बाहेरून घरात येणारी वस्तू धुवून घेण्याचे ते वेड, त्यापायी घरातल्यांची होणारी ससेहोलपट हे सारे लक्ष्मीबाई विनोदाने सांगतात, आणि वाचक हसत पुढे जातो. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा तेच सोवळे, पण आता लक्ष्मीबाईंचे स्वतःचे, पती आणि पत्नी यांच्यामध्ये उभे राहते. विरहाची वर्षे, त्यानंतर एकाच घरात वेगळी चूल, मग शिवाशिवीच्या कल्पना टप्प्याटप्प्याने गळून पडणे आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने केलेले धर्मांतर, असा तो प्रवास आहे. प्रारंभीचा हास्यविषय पुढे पुस्तकाचे मर्म होतो. स्मरणाचा ओघ जसा आला तसा उतरवून घेतला, असे म्हणून या रचनेचा उलगडा होत नाही. काय कोठे सांगायचे याची निवड येथे झालेली आहे, आणि निवड करणे हे लेखकाचे काम आहे.

तिसरी गोष्ट या दोहोंहून महत्त्वाची. रमाबाईंचे पुस्तक पतीच्या मृत्यूशी संपते. 'स्मृतिचित्रे' तेथे संपत नाहीत. टिळकांच्या पश्चात लक्ष्मीबाई कराचीस गेल्या, त्या आयुष्याकडेही पुस्तक वळते. चरित्रासाठी आठवणी पुरवण्याचे निमित्त १९१९ पाशीच संपले होते. त्यापुढचे प्रत्येक पान निमित्तावाचून लिहिले गेले आहे. लक्ष्मीबाईंनी स्वतःला लेखिका कधी मानले याचा लेखी पुरावा शोधत बसण्यापेक्षा या पानांकडे पाहावे. फेब्रुवारी १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा काम चालूच होते. अखेरचा भाग देवदत्त टिळकांना पुरा करावा लागला.

यावर असा आक्षेप घेता येईल की, ही सर्व जाणीव समीक्षकाने मागाहून लादलेली आहे. लक्ष्मीबाई सहज लिहून गेल्या. आक्षेपाची दखल घेतली पाहिजे, कारण 'सहज' हा शब्द या पुस्तकाच्या स्तुतीत वारंवार येतो. निर्व्याज, घरगुती, अकृत्रिम, भाबडी ही विशेषणे त्याच्या जोडीला असतात. स्तुती मनापासून केलेली असते, आणि तीच घात करते. जे सहज घडले ते केलेले नसते. आणि ज्याने केलेले नाही तो कर्ता कसा? आपण लेखिका नाही असे म्हणत लिहायला बसण्याची युक्ती पहिल्या वाक्यापुरती उपयोगी पडली, परंतु समीक्षेने ते म्हणणे शब्दशः घेतले. पुरुष लेखकाच्या गद्यात साधेपणा आढळला की त्याला शैली म्हणायचे आणि स्त्रीच्या गद्यात आढळला की स्वभाव म्हणायचे, असा हा दुहेरी मापदंड आहे. त्याचा परिणाम अभ्यासक्रमांतही दिसतो. या पुस्तकांतील उतारे शालेय पाठ म्हणून निवडले जातात, सामाजिक इतिहासाची साधने म्हणून ती उद्धृत होतात. गद्यशैलीच्या किंवा कथनतंत्राच्या प्रश्नपत्रिकेत ती क्वचितच येतात. विनयाची भाषा वापरणाऱ्या लेखकाला ती भाषा परत करणे, हे समीक्षेचे काम असायला हवे. तसे न करता ती भाषाच लेखकाचे स्वरूप मानली गेली.

हीच धास्ती सुशिक्षित पिढीत निराळे रूप घेते. बाळूताई खरे या पदवीधर होत्या, अध्यापनाच्या क्षेत्रात होत्या, आणि 'अलंकारमंजूषा' (१९३१) हे पुस्तक त्यांनी स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केले होते. दोनच वर्षांनी 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) हा कथासंग्रह आणि त्यापाठोपाठ 'हिंदोळ्यावर' (१९३४) ही कादंबरी आली ती विभावरी शिरूरकर या नावाने. दागिन्यांविषयी लिहिताना जे नाव चालले ते प्रौढ कुमारिकांच्या कोंडमाऱ्याविषयी लिहिताना चालले नाही. ही विभावरी कोण, असा गदारोळ महाराष्ट्रात माजला, तेव्हा टोपणनावाची आवश्यकता किती खरी होती हे सिद्धच झाले. टोपणनाव म्हणजे आत्मविश्वासाचा अभाव, अशी सोपी समजूत येथे टिकत नाही. ज्या निर्भयतेने त्या कथा लिहिल्या आहेत ती पाहता लेखिकेला आपल्या लेखनाविषयी शंका होती असे वाटत नाही. शंका समाजाविषयी होती. पुढे विश्राम बेडेकरांशी विवाह होऊन मालतीबाई बेडेकर हे नाव आले, विभावरीचे गुपित उरले नाही, तरी 'बळी' (१९५०) सारखी कादंबरी त्याच टोपणनावाने निघाली. ढाल म्हणून घेतलेले नाव एव्हाना सही झाले होते. हीच लेखिका १९८१ मध्ये मुंबईच्या समांतर साहित्य संमेलनाची अध्यक्ष होती. प्रस्थापित संमेलनाच्या अध्यक्षपदी कुसुमावती देशपांडे यांच्या रूपाने पहिली स्त्री आली ती १९६१ मध्ये, ग्वाल्हेर येथे. संमेलनांची परंपरा तोवर ऐंशी वर्षांहून जुनी झाली होती.

लेखकपणाची मोहोर उमटवणारा पहिला वाचक कोण असतो, हा प्रश्न आतापर्यंतच्या विवेचनात अधूनमधून डोकावला आहे. काशीबाईंना हरिभाऊ भेटले, रमाबाईंना गोखले, लक्ष्मीबाईंना मुलगा. बहिणाबाई चौधरी यांच्या बाबतीत हा प्रश्न टोकाला जातो. त्यांना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी घरातल्यांनी टिपून ठेवली, कवी असलेल्या मुलाने, सोपानदेवांनी, ती आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ मध्ये संग्रह निघाला तो बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर. कवयित्री ही पदवी त्यांच्या हाती कधी आलीच नाही. आली असती तर त्यांनी तिचे काय केले असते हे सांगता येत नाही. या सर्व उदाहरणांत पहिला वाचक पुरुष आहे आणि त्याला साहित्यव्यवहारात स्थान आहे, ही गोष्ट योगायोगाची नव्हे. ज्यांच्या घरात असा वाचक नव्हता त्यांच्या वह्यांचे काय झाले, याचा हिशोब वाङ्मयेतिहासाकडे नाही. महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकासाठी आलेला कागद चाळणारा अध्यापक बहुधा अशा एखाद्या वहीचा पहिला वाचक असतो आणि त्याची त्याला कल्पनाही नसते, हे जाता जाता नमूद करायला हरकत नाही.

लेखकपण अंगी न लागण्याचा हा अनुभव स्त्रियांपुरता मर्यादित नाही. दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार या लेखकाला सांगतो. दोघे एकच आहेत, पण भोगणारा दगडू आणि लिहिणारा दया यांना एका 'मी'मध्ये बसवणे लेखकाला शक्य झाले नाही, किंवा प्रामाणिक वाटले नाही. प्रतिष्ठित साहित्यभाषेत लेखक म्हणून उभे राहायचे तर आपल्यातल्या कोणाला तरी बाहेर ठेवून यावे लागते, ही जाणीव त्या कथनरूपाच्या मुळाशी आहे. जात आणि लिंगभाव ही दोन्ही बंधने एकत्र आली म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी बेबी कांबळे यांच्याकडे वळावे लागते.

बेबीताईंचे 'जिणं आमुचं' १९८६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्याआधी ते 'स्त्री' मासिकातून आले होते. पण लेखन त्यापूर्वी कितीतरी वर्षे झालेले होते. फलटणला छोटे दुकान चालवताना, पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतील मजकूर वाचता वाचता त्यांना वाचनाची ओढ लागली, आणि लेखन सुरू झाले ते घरातल्यांच्या नजरेआड. ती पाने त्यांनी पतीपासून सुमारे वीस वर्षे लपवून ठेवली, हे त्यांनीच मुलाखतीत सांगितले आहे. फलटणला राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांच्या पाहण्यात ते लेखन आले आणि प्रकाशनाचा मार्ग मोकळा झाला. येथे पहिला वाचक प्रथमच स्त्री आहे, आणि ती जातिव्यवस्थेच्या बाहेरून आलेली आहे, हे दोन्ही तपशील अर्थपूर्ण आहेत.

शीर्षकातील 'आमुचं' हे सर्वनाम रमाबाईंच्या 'आमच्या'ची आठवण करून देते, पण दोन्हींचा अर्थ एक नाही. रमाबाईंच्या अनेकवचनात पत्नी पतीच्या आड उभी आहे. बेबीताईंच्या अनेकवचनात वीरगावचा महारवाडा आहे, पोतराज आहेत, सासुरवाशिणी आहेत, आंबेडकरांच्या हाकेने जागा झालेला समाज आहे. हे अनेकवचन आडोसा नसून अधिष्ठान आहे. आपल्या एकटीच्या आयुष्यात सांगण्यासारखे काय आहे, या प्रश्नाला उत्तर नसलेली स्त्री समाजाचे जिणे सांगण्याचा अधिकार मात्र ठामपणे घेते. संत कवयित्रींना जो अधिकार गुरूकडून मिळाला तो बेबीताईंना चळवळीने दिला, असे म्हणता येईल.

त्याचीही एक किंमत आहे. पुस्तकात सासूचा छळ, नवऱ्याची मारहाण, नाक कापण्यापर्यंत गेलेली क्रूरता यांची वर्णने आहेत, ती महारवाड्यातील स्त्रियांची म्हणून. स्वतः लेखिकेच्या संसारात काय घडले ते पुस्तकात जवळजवळ नाही. माया पंडित यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतरासोबत २००८ मध्ये मुलाखत प्रसिद्ध झाली तेव्हा पतीच्या संशयाची आणि मारहाणीची हकीकत प्रथम बाहेर आली. आणि आपल्याला समाजाचे दुःख सांगायचे होते, असे स्पष्टीकरण बेबीताईंनी दिले. 'आम्ही'ने लिहिण्याचे धैर्य दिले, आणि त्याच 'आम्ही'ने 'मी'ला दाराबाहेर ठेवले. हा लेखिकेचा दोष मानण्याचे कारण नाही. ज्या समाजाला बाहेरचे सारे जग हिणवत आले आहे त्याच्या घरातले दुःख बाहेर सांगताना हात अडखळणे स्वाभाविक आहे. त्यामुळे 'जिणं आमुचं' मुलाखतीसह वाचणे आणि मुलाखतीविना वाचणे ही दोन वेगळी वाचने होतात. अध्यापनात बहुधा दुसरेच घडते.

उर्मिला पवार या त्यानंतरच्या. मीनाक्षी मून यांच्यासह त्यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा इतिहास लिहिला त्याचे नाव 'आम्हीही इतिहास घडवला'. तेथे सर्वनाम पुन्हा अनेकवचनी, आणि त्याला जोडलेल्या 'ही' या अव्ययात तक्रार व दावा दोन्ही आहेत. 'आयदान' (२००३) हे आत्मकथन आले तोवर त्या कथाकार म्हणून मान्यता पावल्या होत्या. या शीर्षकात सर्वनामच नाही. आयदान म्हणजे बांबूची विणलेली भांडी; आई ती विणून घर चालवीत असे, आणि आपल्या लेखनाची वीण तिच्या त्या विणीशी जोडलेली आहे असे लेखिका सांगते. लक्ष्मीबाईंच्या काळी जे कौशल्य 'सहज' या शब्दाखाली झाकले गेले असते त्याला येथे कारागिरी म्हणून नाव मिळाले आहे, आणि ते लेखिकेनेच दिले आहे. तरीही याच पुस्तकात लग्नानंतर चालू ठेवलेले शिक्षण, सभा-संमेलनांना जाणे, बाहेर मिळणारे नाव यांवरून पतीशी झालेल्या कुरबुरी तपशिलाने येतात. एम. ए. करणाऱ्या, पुस्तके नावावर असलेल्या स्त्रीला घरची सर्व कामे आटोपूनच अभ्यासाला बसावे लागत होते.